वाडा दाखवायचा तर मागच्या दारासकट

'वाडे वाचवा' म्हणणाऱ्यांत वाड्यात राहणारे फारसे सापडत नाहीत. राहणाऱ्याला मृगाच्या आधी कौलं चाळून घ्यायची असतात, भिंतीवर डकवलेल्या 'धोकादायक इमारत' या नोटिशीला उत्तर द्यायचं असतं आणि पुण्या-मुंबईच्या चुलत्यांना वाटणीसाठी पुन्हा एकदा फोन करायचा असतो. वाईतल्या एका जुन्या घरात एका काकूंशी बोलत होतो. घर फार देखणं आहे, असं मी म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्हाला वाडा दिसतो हो, मला जिना दिसतो. माझ्या गुडघ्यांना विचारा."

काकूंचं खरं आहे. तरीही वाडे टिकले पाहिजेत आणि त्यासाठी सरकारचा, म्हणजे आपल्या सगळ्यांचा, पैसा लागला तर तो लागावा असं माझं मत आहे. फक्त तो बिनशर्त जाऊ नये. ज्या वाड्याला तो मिळेल त्याने लोकांना दिंडी दरवाजाबरोबर परसातलं दारही उघडून द्यावं, आणि माळ्यावरचं दफ्तरही. हे लेखी करारात यावं, मालकाच्या लहरीवर राहू नये.

मेणवलीचंच बघा. वाईपासून तीनेक किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांचा सहा चौकांचा वाडा आहे आणि तो आजही घराण्याच्याच मालकीचा आहे. घराण्याने तो राखला म्हणून तो उभा आहे, हे आधी मान्य करायला हवं. भिंतींवरची चित्रं, माडीचं लाकूडकाम, चौकामागून चौक ओलांडताना बदलत जाणारा उजेड, हे सगळं बघून माणूस गप्प होतो. मागे चंद्रकोरीच्या आकाराचा घाट, मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ, आणि ती प्रसिद्ध घंटा. घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तिथून मराठ्यांनी ज्या घंटा आणल्या त्यांतली ही एक. नाशिकला नारोशंकराच्या देवळात अशीच दुसरी आहे.

घंटेपाशी लोक थांबतात, साल वाचतात, फोटो काढतात. घंटा कुठून आली, कुणी आणली, का आणली हे तिथे सगळ्यांना तोंडपाठ असतं. वाड्याबद्दल मात्र जे कानावर पडतं ते असं: नाना इथे बसायचे, इथे खलबतं व्हायची, हे देवघर, ही मुदपाकखान्याची बाजू, चला पुढे. सहा चौकांच्या घराला रोज किती पाणी लागत असेल आणि ते घाटावरून कोण चढवत असेल, हे कुणी विचारत नाही. शेवटच्या चौकापर्यंत कोण येऊ शकत होतं आणि देवडीतूनच कोण परतत होतं, हेही नाही. त्या कोरीव तुळया कोणत्या सुताराच्या हाताखालून गेल्या, त्याला दाम मिळाला की बलुत्यातच भागवलं, हे विचारलं तर सांगणारा दचकतो.

ज्या बाईचं हे घर खऱ्या अर्थाने होतं तिचंही नाव तिथे हळू आवाजात घेतलं जातं. नानांचा सगळा कारभार पुण्यात. १८०० साली ते गेले, दुसऱ्या बाजीरावाने त्यांची मालमत्ता जप्त केली. मागे राहिल्या त्यांच्या पत्नी जिऊबाई, अगदी कोवळ्या वयात विधवा झालेल्या. इंग्रजांनी मध्ये पडून मेणवली त्यांना परत मिळवून दिली, पेन्शन बांधून दिली, पुढे दत्तकही झालं. नानांनी या वाड्यात जेवढे दिवस काढले असतील, त्याच्या कितीतरी पट जिऊबाईंनी काढले. राज्य गेल्यावर, नवरा गेल्यावर, परक्या सरकारच्या पेन्शनीवर सहा चौकांचं घर चालवणारी ही बाई मला नानांच्या बिछान्यापेक्षा जास्त खुणावते. वाडा म्हणजे कर्तबगार पुरुषाची बैठक, असा आपल्या डोक्यात शिक्का बसला आहे. पुढचं दार उघडं आणि मागचं बंद ठेवलं की तो पुसला जात नाही.

आता दफ्तर. मेणवलीचे कागद मराठेशाहीच्या इतिहासाला फार मोलाचे. साताऱ्याचे दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी ते मिळवले. त्यांच्या संग्रहासाठी १९२५ मध्ये साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय उघडलं आणि १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. म्हणजे भिंती कृष्णेकाठी आणि कागद मुळा-मुठेकाठी. तिकडे ते सुरक्षित आहेत, हे चांगलंच झालं. पण मेणवलीला येणाऱ्या माणसाला या वाड्याने किती बोललेलं आहे याचा पत्ताच लागत नाही. एका चौकात चार मोडी पत्रांच्या मोठ्या छायाप्रती, शेजारी बाळबोध म्हणजे देवनागरी लिपीत मजकूर, एवढं केलं तरी मुक्या वाड्याला वाचा फुटेल. खर्च काही हजारांचा.

कागद उघडल्याने घराण्यांचं नुकसान होतं, ही भीती मला कधीच कळली नाही. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे शाळेत संस्कृत शिकवत. त्यांनी पटवर्धनांची दफ्तरं उपसली, निवडली, स्वतः कर्ज सोसून खंडामागून खंड छापले. १९२४ मध्ये ते वारले तेव्हाही काम सरलं नव्हतं. आज पटवर्धन सरदारांबद्दल आपल्याला जे बारीकसारीक माहीत आहे, हैदर अलीवरच्या स्वाऱ्यांपासून घरातल्या रुसव्याफुगव्यांपर्यंत, ते या मास्तरांमुळे. त्यात पटवर्धनांच्या फजितीच्याही गोष्टी आहेत. सांगली-मिरजेत त्यामुळे कुणाची पत गेली? इतिहासकार वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा १८९८ सालचा पहिला खंडही वाईत सापडलेल्या कागदांवरचाच. या पट्ट्यातल्या घरांनी कागद दिले म्हणून महाराष्ट्राला इतिहास लिहिता आला. ज्यांनी दिले नाहीत त्यांचे वाळवीने वाचले.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: घर आमचं, पूर्वज आमचे, लोकांचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो पैशाचाच आहे. मोठा वाडा कुणी पगारातून बांधला नाही. इनाम, सरंजाम, मोकासा अशा राज्याने लावून दिलेल्या उत्पन्नांतून तो उभा राहिला, आणि या सगळ्यांच्या तळाशी होता शेतसारा. जो कुणबी जोंधळ्याच्या पिकातून सारा भरत होता, त्याने त्या वाड्याचा एकेक खण भरलेला आहे. शिवाय वेठ होती. लाकूड डोंगरातून ओढून आणणं, चुन्याचा घाणा फिरवणं, दगड वाहणं, यातलं किती मोबदल्याने झालं आणि किती हक्काने करून घेतलं, हे वेगळं सांगायला नको. पेशवाईच्या कागदांत कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत, मोठ्या घरांत त्या राबत होत्या. मग या वाड्यांवर रयतेचा काही हक्क सांगणं म्हणजे कुणाच्या घरात घुसणं नव्हे. रयतेने एकदा पैसे भरलेत. आता दुरुस्तीसाठी तिच्याकडून पुन्हा मागायचे असतील तर तिचीही गोष्ट त्या घरात सांगितली जावी, एवढंच मागणं आहे.

दुसरी बाजू म्हणते की मग सरकारनेच ताब्यात घ्यावेत सगळे वाडे. हे मला अजिबात पटत नाही. घरात चूल पेटती असेल तर घर टिकतं. धुराने लाकूड सुकं राहतं, पायांनी जमीन टिकते, आणि कुठे गळतंय हे रात्री दोन वाजता राहणाऱ्यालाच कळतं. सरकारी ताबा म्हणजे बहुतेक वेळा एक निळा फलक, एक कुलूप आणि आवारात रुजलेला पिंपळ. गावोगाव फिरणाऱ्याला हे दृश्य नवं नाही.

मधला रस्ता कायद्यात आहे, हे फार कमी लोक लक्षात घेतात. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात संरक्षित स्मारकाच्या मालकाशी करार करायची तरतूद आहे. देखभाल कुणी करायची, खर्च कुणी सोसायचा, लोकांना आत येऊ द्यायची सोय काय, विकायचं ठरलं तर सरकारला आधी कळवायचं, हे सगळं त्या करारात येऊ शकतं. मालकी घराकडेच राहते. मग असे करार गावोगाव का होत नाहीत? कारण मालक 'संरक्षित' हा शब्द ऐकूनच घाबरतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरमध्ये नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच. गावाच्या ऐन पेठेतल्या वाड्याला हे लावलं तर आळीतले सगळे शेजारी उद्या त्या मालकाच्या दारात उभे राहतील. किल्ल्याला शोभणारा नियम आळीतल्या घराला लावून चालणार नाही. राज्याने वस्तीतल्या घरांसाठी वेगळी, हलकी वर्गवारी करावी.

खरी अडचण मात्र प्रॉपर्टी कार्डावर असते. पणजोबांच्या नावावरचा वाडा, त्यावर आज वीस-पंचवीस नावं, काही अमेरिकेत, काही वारलेली पण वारसनोंद न झालेली. गळक्या पन्हळीला पत्रा लावायचा तरी कुणाच्या खर्चाने, यावर वर्ष जातं. तोवर पाणी भिंतीत मुरतं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने लेकींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हिस्सा दिला, तेव्हापासून वाडे पडायला लागले, असं म्हणणारे लोक मला भेटतात. भावाभावांच्या दाव्यांत त्याआधी किती वाडे मातीला मिळाले, याचा हिशेब ते करत नाहीत. उलट माझा अनुभव असा की माहेरच्या घराचा कागद न् कागद जपून ठेवणाऱ्या बहुतेक आत्याच असतात. उपाय कंटाळवाणा आहे पण आहे: वारसांनी न्यास म्हणजे ट्रस्ट करावा, प्रत्येकाचा हिस्सा त्यात कायम राहावा, आणि असा न्यास करणाऱ्या घराला घरपट्टीत आणि मुद्रांक शुल्कात घसघशीत सवलत मिळावी. ज्यांना हिस्सा मोकळा करून हवा आहे त्यांना तो विकत घेण्यासाठी कमी व्याजाचं कर्ज मिळालं तर अर्धे दावे कोर्टाबाहेर मिटतील.

पैसा कुठे लावायचा हेही ठरायला हवं, कारण नूतनीकरणाच्या नावाखाली वाड्यांचा जीव घेतलेला मी पाहिला आहे. पांढऱ्या मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की वरून ती ठणठणीत दिसते, पण आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते. मग भिंतीत गेलेलं तुळईचं टोक आतल्या आत कुजतं. चुन्याचा घाणा फिरवून, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून तयार केलेला चुना श्वास घेतो. सिमेंट घेत नाही. हे जाणणारे गवंडी आता म्हातारे झालेत. त्यांच्या हाताखाली पोरं तयार करायला दिलेला पैसा मला दर्शनी महिरपीला दिलेल्या रंगापेक्षा शंभरपट मोलाचा वाटतो. सांगलीच्या गावभागात विचारा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी आठवडाभर मातीच्या भिंतींना लागून उभं राहिलं. पूर ओसरल्यावर पंचनामे झाले ते घराच्या पडझडीचे. जुन्या बांधणीचं घर कसं वाळू द्यायचं, कधी घाईने गिलावा करायचा नाही, हे सांगायला कुणी आलं नाही. २०२१ ला पुन्हा पाणी आलं.

इथवर मी वाड्यांबद्दलच बोलतोय, आणि तीच या विषयाची गोम आहे. वारसा म्हणून काय उरतं हे आपल्याकडे दगड आणि सागवान ठरवतं. ज्याच्या घराला घडीव जोतं होतं त्याचं घर टिकलं, ज्याचं कुडाचं होतं त्याचं दोन पावसाळ्यांत गेलं. नायगावात सावित्रीबाई फुल्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा. त्यांचं घर आज आपण जाऊन बघतो ते सरकारने पुन्हा उभारलं म्हणून. आणि तेही नेवसे पाटलांचं, गावच्या पाटलाचं घर होतं, म्हणून निदान जागा तरी लोकांना ठाऊक होती असं मला वाटतं. तिथे ओसरीवर उभं राहिलं की जे दिसतं ते मेणवलीत दिसत नाही: शेतकऱ्याच्या घराची मापं, धान्य साठवायची सोय, चुलीपासून दारापर्यंतची चार पावलं. दोन्ही घरं एकाच जिल्ह्यात. शाळेची सहल एका दिवसात दोन्हीकडे जाऊ शकते. जाते मात्र बहुतेक वेळा एकीकडे, आणि कुठे ते घंटेच्या फोटोंवरून कळतं.

पत्री सरकारचं, म्हणजे इंग्रजांविरुद्ध साताऱ्यात चाललेल्या भूमिगत प्रतिसरकारचं, तर आणखी अवघड. त्या काळी सांगली जिल्हा नव्हताच. १९४९ ला दक्षिण सातारा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. कुंडल, येडेमच्छिंद्र या सगळ्या भागात १९४३ ते ४६ क्रांतिसिंह नाना पाटलांचे भूमिगत लोक फिरत होते. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ त्यांनी रेल्वेची पगाराची गाडी लुटली, हे आपण अभिमानाने सांगतो. ती माणसं रात्री झोपत होती कुठे? शेतकऱ्याच्या सोप्यात, माळवदावर, गुरांच्या गोठ्यात. त्यांना भाकरी थापून देणाऱ्या बाईच्या घरावर कसलाही फलक नाही आणि लावायला बहुधा ते घरही नाही, त्या जागेवर आता स्लॅब आहे. स्लॅब झाला याचं मला वाईट वाटत नाही, ज्याला मिळाला त्याने जरूर बांधावा. पण त्या गावात एखादा धड उभा असलेला वाडा असेल आणि त्याला सरकारी अनुदान मिळणार असेल, तर त्याच्या एका सोप्यात त्या भाकरीवाल्या घरांची यादी, जमतील तेवढ्या आठवणी आणि फोटो लागलेच पाहिजेत. मागच्या दाराची अट मी म्हणतो ती हीच. पडून गेलेल्या घरांना उभ्या असलेल्या घराने जागा द्यायची.

कागद विटेपेक्षा चिवट असतो याचा दाखला साताऱ्यातच आहे. राजवाडा चौकातल्या तेव्हाच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजी आंबेडकर या मुलाच्या प्रवेशाची नोंद आहे. तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. रजिस्टरातल्या एका ओळीने जे राखलं ते कुठल्या चिरेबंदी वाड्याने राखलं नसतं. म्हणून अनुदानाच्या अर्जात माझा पहिला रकाना छपराचा असेल आणि दुसरा कागदांचा: घरात मोडी कागद आहेत का, त्यांच्या प्रती काढू द्याल का, कधीपर्यंत.

'पूर्वजांची बदनामी होईल' हा शेवटचा आक्षेप उरतो. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी राजे होते. त्यांनी आपला संग्रह १९३८ मध्ये संग्रहालय करून लोकांसमोर मांडला आणि दुसऱ्याच वर्षी संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना केली. सिंहासनावर बसलेल्या माणसाला जे जमलं, ते आज त्याच काळातल्या वाड्यांच्या वारसांना का जमू नये? घरातल्या थोर माणसाबद्दल खरं सांगितल्याने तो लहान होत नाही. नाना फडणवीसांची बुद्धी मान्य करूनही त्यांच्या काळातली वेठ सांगता येते, जिऊबाईंचं एकटेपण सांगता येतं. ऐकणारी माणसं तेवढी शहाणी आहेत.

मेणवलीसारख्या ठिकाणी आता लग्नाआधीचं चित्रीकरण होतं, सिनेमावाले येतात, त्यातून घराला चार पैसे मिळतात. यावर नाकं मुरडणाऱ्यांनी आधी कौलांचा भाव विचारून यावा. घराण्याने स्वतः कमावून घर राखलं तर त्यावर अटी घालायचा मला हक्क नाही, तिकीट काढून जेवढं दाखवतील तेवढं बघेन. अटीचा प्रश्न सरकारी पैसा आला की सुरू होतो. आणि तो यायला हवा, तोही दूरच्या मंत्रालयातून नव्हे, जिल्हा नियोजन समितीतून. पर्यटनासाठी निधी आला की आपल्याकडे आधी गावाच्या वेशीवर स्वागत कमान उभी राहते, मग पार्किंगचे पेव्हर ब्लॉक बसतात. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी पुढच्या आराखड्यात एकेका तालुक्यातलं एक घर निवडावं, न्यास झालेलं, कागदांच्या प्रती द्यायला तयार असलेलं, आठवड्यातून दोन दिवस परसापासून देवडीपर्यंत उघडं राहणारं. त्याचं छप्पर आणि पन्हळी या पावसाळ्याच्या आत करून द्याव्यात. कमानीचं टेंडर त्यानंतर काढलं तरी चालेल.